चपला घातलेली चिमणी आणि मावशींचे गुडघे

निशीच्या चपलेचा अंगठा तुटला. तो तिने सेफ्टी पिनेने जोडला. मग पीन तुटली. मग तिने सुतळी बांधली. मग सुतळी राहिली आणि चप्पलच गळून पडली. तेव्हापासून निशी अनवाणी शाळेत यायची. सुतळी मात्र खिशात ठेवायची. सुतळी चांगली होती.

घरात निशी आणि तिची आई, एवढीच माणसं. आई दुसऱ्यांच्या मळ्यात भेंडी तोडायला जायची. निशीचं दप्तर म्हणजे खताची रिकामी पिशवी. त्यावर १०:२६:२६ असं छापलेलं होतं. वर्गातल्या मुलांना वाटायचं, तो तिचा हजेरी नंबर आहे.

शाळा होती टेकडीवर. गावातून वर यायला बहात्तर पायऱ्या. शाळेच्या मागे हिरवीगार परसबाग. तिथे लालचुटुक टोमॅटो, जांभळी जांभळी वांगी, पांढऱ्याशुभ्र निशिगंधाची एक रांग आणि कुंपणभर पसरलेला भोपळ्याचा वेल. शाळेत एक चिमणीसुद्धा होती. तिच्या पायांत पिटुकल्या लाल चपला होत्या आणि पाठीवर इवलंसं हिरवं दप्तर. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. मुलांनी पहिल्या दिवशी खूप आरडाओरडा केला, मग सवय झाली.

आणि शाळेत मावशी होत्या.

मावशी सगळ्यांच्या आधी यायच्या आणि फाटक उघडायच्या. खालच्या विहिरीवरून चार हंडे पाणी वर आणायच्या. वर्ग झाडायच्या. खिचडी शिजवायच्या. पडलेल्याचं ढोपर धुवायच्या, तुटलेलं बटण लावायच्या. आणि चिंचेला टांगलेला रुळाचा लोखंडी तुकडा हातोडीने वाजवायच्या. त्याला सगळे टोल म्हणायचे. टण्, टण्, टण्!

"मी टोल दिला ना, की मगच सूर्य पुढं सरकतो," मावशी म्हणायच्या. मुलं हसायची. मावशी हसायच्या नाहीत.

खिचडी संपली की पातेल्याच्या तळाला खरवड राहते. कुरकुरीत, सोनेरी, थोडी करपलेली. मावशी ती उलथन्याने खरवडून काढायच्या आणि हळूच हाक मारायच्या, "चिमणे, ये गं. तुझ्यासाठी ठेवलीये."

निशी एवढीशी होती ना, म्हणून मावशी तिला चिमणी म्हणायच्या.

एका बुधवारी निशी खरवड खात होती. मावशी पायरीवर बसल्या होत्या. उठायला गेल्या आणि गुडघे म्हणाले, कट्.

"मावशी, काय झालं?"

"काही नाही गं. बहात्तर पायऱ्या, दिवसातून पाच खेपा. आता गुडघे म्हणतात, आम्ही नाही येत, तू एकटीच जा." मावशींनी भिंत धरली. "शनिवारपर्यंत येते कशीबशी. मग शनिवारी बाराच्या एस.टी.ने जाते लेकाकडे, पुण्याला. कायमची."

निशीच्या हातातली खरवड तशीच राहिली.

"मग टोल कोण देणार?"

"देईल कुणीतरी."

"आणि खरवड?"

 मावशींनी निशीच्या केसांतला खिचडीचा दाणा काढला आणि त्या भांडी घासायला गेल्या. सावकाश, भिंतीला धरून धरून.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, निशी लवकर आली. परसबागेत भोपळ्याचा वेल मान टाकून पडला होता. मावशी रोज सकाळी पहिला तांब्या त्यालाच घालायच्या, पण आज त्या अजून निम्म्या पायऱ्यांवरच होत्या. निशीने आपल्या बाटलीतलं सगळं पाणी वेलाला घातलं. प्यायला एक घोटही ठेवला नाही.

वेलावर एक मोठ्ठं पिवळंधमक फूल उमललेलं होतं. त्यातून आवाज आला, "अगं अगं, जरा हळू! अंघोळ चाललीये!"

फुलात एक परी बसली होती. भेंडीएवढी. पंख कांद्याच्या सालीसारखे पातळ आणि गुलाबी, झगा दवाच्या थेंबांचा, केसांत चांदीचे लुकलुकणारे कण. ती कोथिंबिरीच्या पानाने अंग पुसत होती.

"तू परी आहेस?" निशीने विचारलं.

"नाहीतर काय भोपळा आहे?" परी म्हणाली, पण गोड आवाजात. "तू स्वतः तहानलेली राहून वेलाला पाणी दिलंस. तुला तीन इच्छा. वेलावर आता तीनच फुलं उरलीत, आज एक, उद्या एक, परवा एक. एका फुलाला एक इच्छा. दुपारी बाराला फूल मिटतं. तिसरं मिटलं की मी गेले."

"बरं."

"नियम आहेत. एक, इच्छा पूर्ण होईपर्यंत कुणाला सांगायची नाही. दोन, जे म्हणशील तेच होईल, शब्दाला शब्द. आणि तीन, दुसऱ्यासाठी मागायचं असेल तर नाव घेऊन मागायचं."

निशीने आपल्या पायांकडे पाहिलं. बोटांना माती लागली होती, एका अंगठ्याला ठेच होती. एक चपलांचा जोड मागावा का? लाल? मग तिने पायऱ्यांकडे पाहिलं. मावशी डोक्यावर हंडा घेऊन चाळिसाव्या पायरीवर थांबल्या होत्या.

"आमच्या मावशींचे गुडघे एकदम मस्त होऊ देत!"

"झाले," परी म्हणाली. फुलातून सोनेरी ठिणग्या उडाल्या, भुर्रर्र, आणि आकाशात लांब कुठेतरी निघून गेल्या.

निशी धावत पायऱ्यांकडे गेली. मावशी अजून चाळिसाव्याच पायरीवर होत्या.

संध्याकाळी आईच्या मोबाईलवर फोन आला. बार्शीहून. निशीच्या सख्ख्या मावशीचा, म्हणजे आईच्या धाकट्या बहिणीचा. तिचं वय सव्वीस आणि तिचे गुडघे आधीपासूनच उत्तम होते.

"ताई!" मावशी ओरडत होती. "अगं, मी नळावर पाणी भरायला निघाले आणि नळ ओलांडून पुढं गेले! आता शेजाऱ्यांच्या गच्चीवर आहे!"

"मग खाली उतर."

"उतरते गं, पण पापड वाळत घातलेत त्यांनी. ते आधी मला चहा देतायत. निशीला दे फोन. निशे, कशी आहेस?"

"बरी आहे, मावशी," निशी म्हणाली आणि तिने कपाळावर हात मारला.

शुक्रवारी ती पुन्हा परसबागेत गेली. दुसरं फूल उमललं होतं.

"परी, तू चुकीच्या मावशीकडे गेलीस."

"पऱ्या चुकत नाहीत, बाळा. शब्द चुकतात. तू मावशी म्हणालीस, मी तुझी मावशी शोधली. छान आहेत त्या. आज नीट सांग."

निशीने खूप विचार केला. मग अगदी सावकाश म्हणाली, "आमच्या शाळेतल्या मावशींचे गुडघे एकदम मस्त होऊ देत."

"झाले."

ठिणग्या उडाल्या, भुर्रर्र, आणि थेट शाळेच्या स्वयंपाकघरात शिरल्या. निशीने टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात स्वयंपाकघरातून मनी मांजर बाहेर आलं. त्याने एक उडी मारली आणि ते झेंड्याच्या खांबाच्या टोकावर जाऊन बसलं. तिथून ते कौलांवर गेलं, तिथून चिंचेवर, तिथून पुन्हा खांबावर. मांजराला गुडघे असतात का, यावर चौथीच्या वर्गात दोन तास वाद झाला.

"परी!" निशी रडवेली झाली होती. "ते मांजर आहे!"

"मी शाळेत जाऊन विचारलं, इथे मावशी कोण? ते म्हणालं, मी. वाघाची."

आणि खरंच, त्याच वेळी लांबच्या एका जंगलात एका वाघाला उगाचच खूप बरं वाटलं.

परी फुलाच्या काठावर बसली आणि तिने निशीचा डोळा आपल्या इवल्याशा पदराने पुसला. "हे बघ राणी, मावशी हे नातं झालं. मला नाव हवं."

"पण मावशींचं नाव मावशीच आहे!"

"असं कसं असेल?" परी हळूच म्हणाली. "कुणीतरी कधीतरी पाळण्यात घालून ठेवलं असेल ना?"

निशीला हे कधी सुचलंच नव्हतं. मावशी कधी पाळण्यात होत्या! ती विचारायला धावली. पण मावशी त्या दिवशी अर्ध्या शाळेतूनच घरी गेल्या होत्या. लंगडत.

मग आला शनिवार. शनिवारी शाळा सकाळची. मुलं बहात्तर पायऱ्या चढून आली तर फाटक बंद. मावशी आल्याच नव्हत्या.

हेडमास्तर घाटगे सर फाटकावरून चढून आत उतरले आणि त्यांनी आतून कडी काढली. त्यांची पँट थोडी फाटली. रांजणात पाणी नव्हतं. वर्गात कालचे कागद पडले होते. टोलाची हातोडी कपाटात होती आणि कपाटाची किल्ली मावशींकडे होती. सरांनी लाकडी पट्टीने टोल वाजवून पाहिला. टिक्, असा आवाज आला.

सूर्याला काही तो ऐकू गेला नाही. तो चिंचेच्या शेंड्यावर आला होता, तिथेच थांबला.

पहिला तास सुरू झाला, मराठीचा. तो संपेना. पाटणकर बाईंनी धडा शिकवला, मग कविता शिकवली, मग पुढच्या वर्षीची कविता शिकवली. मुलं आधी खूश होती, कारण दुसरा तास गणिताचा होता. मग त्यांना भूक लागली. सावल्या हलत नव्हत्या. सरांच्या घड्याळाचा काटा पुढे जायचा आणि शरमून मागे यायचा.

"बाई," निशीने हात वर केला, "मावशींचं नाव काय आहे?"

"मावशींचं?" बाई म्हणाल्या. "मावशींचं नाव... थांब हं." त्यांनी खडू हातात घेतला, फळ्याकडे पाहिलं, खडू खाली ठेवला. "सरांना विचार."

सर खुर्चीत पँट शिवत बसले होते. तेसुद्धा आजवर मावशीच करायच्या.

"नाव? अरे, चौदा वर्षं ओळखतो मी त्यांना!" सर म्हणाले. मग त्यांनी सुई बोटाला टोचून घेतली. मग म्हणाले, "हजेरीपटात असेल. हजेरीपट कपाटात आहे."

"आणि किल्ली मावशींकडे," निशी म्हणाली.

"फोन लावतो," सर म्हणाले. त्यांच्या मोबाईलमध्ये 'मावशी' असं नाव होतं. त्यांनी लावला. तो त्यांच्या खऱ्या मावशीला लागला. त्या सरांशी बराच वेळ बोलल्या. सरांना मधे काही बोलता आलं नाही. नुसतं "हो मावशी, जेवलो मावशी" म्हणता आलं.

निशीने परसबागेत डोकावून पाहिलं. तिसरं फूल, वेलावरचं शेवटचं फूल, पिवळं पिवळं लुकलुकत होतं. ती वळली आणि पायऱ्या उतरायला लागली. अनवाणी पाय, खिशात सुतळी. एक, दोन, तीन... बहात्तर.

मावशींचं घर खालच्या आळीत, विहिरीच्या पलीकडे. दार उघडंच होतं. मावशी पत्र्याच्या पेटीवर बसल्या होत्या. पेटी भरून झाली होती. गुडघ्यांना त्यांनी एरंडाची पानं बांधली होती.

"चिमणे! तू इथं कशी? शाळा सुटली?"

"सुटत नाहीये. टोलच नाही वाजला. सूर्य अडकलाय."

"तरीच," मावशी म्हणाल्या. "मी म्हणतेय, बाराची एस.टी. अजून कशी येईना. किल्ली द्यायची राहिली बघ माझ्याकडून. पण पायऱ्या चढवेनात गं." त्यांनी कनवटीची किल्ली काढून निशीच्या हातात ठेवली. "सरांना दे. आणि पोटभर जेवत जा."

निशी जागची हलली नाही.

"मावशी, तुमचं नाव काय?"

"कशाला? रेशनकार्डावर काही चुकलं का?"

"नाही. असंच."

मावशी तिच्याकडे बघत राहिल्या. "असंच कुणी विचारत नाही चिमणे."

"मी विचारतेय."

मावशींनी पदराशी चाळा केला. बराच वेळ. आठवत होत्या की लाजत होत्या, कळत नव्हतं. "लग्नात तांदळात अंगठी फिरवून लिहिलं होतं, लक्ष्मी. ते सासरचं. शाळेत आले तर मावशी. आणि त्याच्या आधी माहेरी..." त्यांनी पदर सोडला. "माहेरी मी द्वारका. आई अंगणातून हाक मारायची, द्वारके, ए द्वारके! अख्ख्या गावाला ऐकू जायची."

"तुम्हाला कुठलं आवडतं?"

"हे तर बाई आजवर कुणी विचारलंच नाही." मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या हसल्याही. "द्वारका. मला द्वारका आवडतं."

"द्वारका," निशी म्हणाली. आणि सुसाट पळाली.

एक, दोन, तीन... बहात्तर! ठेचेतून रक्त आलं, तरी ती थांबली नाही. वाटेत सरांच्या हातात किल्ली कोंबली आणि ती वेलापाशी जाऊन उभी राहिली, धापा टाकत.

"नाव आणलं?" परीने विचारलं.

"आणलं!"

"मग घे नाव."

आता नाव घे म्हटल्यावर काय करायचं, हे निशीला लग्नात बघून बघून पाठ होतं. तिने हात जोडले, घसा साफ केला आणि उखाणा घेतला:

"बहात्तर पायऱ्या, पाण्याचे हंडे चार,
द्वारकामावशी येतात, तेव्हा उघडतं शाळेचं दार!"

आणि मग एका दमात म्हणाली, "त्यांचे गुडघे एकदम मस्त होऊ देत!"

परी टाळ्या पिटत उभी राहिली. "वा! मी नुसतं सांग म्हटलं होतं, पण हे फारच छान झालं."

या वेळी ठिणग्या कुठेही भरकटल्या नाहीत. सोनेरी, रुपेरी, गुलाबी, सरळ रांगेत, शाळेतली मुलं जावीत तशा, पायऱ्या उतरून खालच्या आळीत गेल्या.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पायऱ्यांवर आवाज आला. थप, थप, थप, थप! मावशी येत होत्या. दोन दोन पायऱ्या एकदम. कमरेला पदर खोचलेला, डोक्यावर पत्र्याची पेटी, मागे धावणारं मनी मांजर, आणि मांजर मागे पडत होतं.

"चिमणे!" मावशी ओरडल्या. "माझे गुडघे बघ! हे माझे नाहीतच, हे कुणातरी बकरीचे आहेत!"

मग त्यांना फूल दिसलं, आणि फुलातली परी.

"अगं बाई! तू अजून इथंच आहेस?"

निशीने आ वासला. "मावशी, तुम्ही हिला ओळखता?"

"ओळखतात म्हणजे काय," परी म्हणाली. "रोज पहिला तांब्या त्याच तर घालतात मला. त्यांनाही तीन इच्छा दिल्या होत्या. दोन झाल्या, एक अजून शिल्लक आहे."

"काय उपयोग!" मावशी म्हणाल्या. "पहिल्यांदा मागितलं, माझ्या चिमणीच्या पायांत चपला येऊ देत. दुसऱ्यांदा मागितलं, माझ्या चिमणीला नवं दप्तर मिळू दे. पोरगी अजून अनवाणीच!"

तेवढ्यात चिंचेवरून खरी चिमणी खाली आली. पायांत लाल चपला, पाठीवर हिरवं दप्तर. ती टुकटुक करत तिघींच्या मधून चालत गेली. कुणाकडे बघितलं नाही.

मावशींनी चिमणीकडे पाहिलं. निशीने चिमणीकडे पाहिलं. मग दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"चिमणे," मावशी एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "तीन वर्षं तुला खरवड देतेय मी. तुझं नाव काय गं?"

"निशिगंधा," निशी म्हणाली. "निशिगंधा सुतार."

"एवढंस्सं लेकरू आणि एवढं मोठं नाव!" मावशींनी तिला जवळ ओढलं. "परीबाई, घ्या लिहून. माझ्या निशिगंधाला चपला-दप्तर मिळू दे!"

"ह्या दोन गोष्टी झाल्या."

"जोडशब्द आहे तो," निशी म्हणाली. सकाळपासून मराठीचाच तास चालू होता ना.

परीने जरा विचार केला. "जोडशब्द चालतो."

लख्खकन् उजेड झाला. निशीच्या पायांत लाल चपला आल्या, मऊ मऊ, अगदी मापाच्या. ठेच बरी झाली. पाठीवर हिरवंगार दप्तर आलं, त्याला दोन कप्पे आणि चकाकणारी चेन.

आणि कुंपणाजवळच्या निशिगंधाच्या प्रत्येक रोपालाही लाल चपला आणि हिरवं दप्तर मिळालं. निशिगंधाला काय आणि निशिगंधाला काय, शब्द एकच. परीचा नाइलाज होता. रोपं कुठे जाणार नव्हती, पण ती खूश दिसली.

"आता टोल द्या, द्वारकाबाई," परी म्हणाली. "मला निघायला हवं. तुमच्याशिवाय बारा वाजत नाहीत."

मावशींनी हातोडी घेतली. टण्! टण्! टण्!

सूर्य दचकला आणि पळत सुटला. सावल्या भराभर सरकल्या. गणिताचा तास दीड मिनिटात संपला. भोपळ्याचं फूल पाकळी पाकळी मिटायला लागलं, आणि आतून मधासारखा पिवळा उजेड उमटला. त्यात परीचा इवलासा हात हलताना दिसला. मग उजेड मोठा झाला, चिंचेएवढा, टेकडीएवढा, आणि एकदम नाहीसा झाला. मागे वेलावर एक छोटासा हिरवा भोपळा राहिला. त्याला कोथिंबिरीचा वास येत होता.

बाराची एस.टी. आली आणि रिकामी गेली.

सोमवारी परिपाठाला फळ्यावर सुविचार नव्हता. सरांनी स्वतःच्या हाताने, मोठ्या अक्षरांत, फक्त एक नाव लिहिलं होतं. मावशी झाडू घेऊन आल्या, फळ्यापाशी थांबल्या आणि बराच वेळ वाचत राहिल्या. त्या दिवशी फळा पुसायचा तेवढा त्या विसरल्या.

त्यांनी मग रोज एका मुलाचं नाव विचारायला सुरुवात केली. शाळेत त्रेसष्ट मुलं होती. निशिगंधाला मात्र त्या अजून चिमणीच म्हणतात, पण आता माहीत असून म्हणतात. टोल तीनदा वाजतो, आणि पहिलीतली मुलं सांगतात की तो नुसता टण् टण् करत नाही, नाव घेतो. द्वा. र. का.

वेल सुकला, भोपळा पिकला, आपल्या गोष्टीचा टोल वाजला. आणि कुठे चपला घातलेली चिमणी दिसली तर तिला हसू नका. कुणीतरी कुणासाठी तरी मनापासून मागितलेल्या आहेत त्या.